तळाला गेलेला सूर्योदय

राहू गावच्या कोळप्यांच्या घरात टेबल एकच होतं आणि त्याला गिऱ्हाइकं दोन. थोरल्या मुलाला, बिरदेवला, ते कथा लिहायला लागायचं. त्याच्या वडिलांना, म्हणजे आबांना, ते फवारणीचा पंप ठेवायला हवं होतं. पंप जमिनीवर ठेवला की त्यावर कोंबड्या बसायच्या, आणि कोंबड्या बसल्या की आबांचं डोकं फिरायचं.

"टेबल कशाला अस्तंय? त्याच्यावर काय तरी ठिवायला," आबा म्हणाले. "तू त्याच्यावर निस्तं कोपर टेकतो."

"लिहितोय की आबा."

"लिहितोय, पुण्याला धाडतोय, आन् पुण्यानं माघारी येतंय. कारखान्यावरची ट्रॉली तरी ऊस टाकून रिकामी येती. तुजी भरून जाती आन् भरूनच येती!"

बिरदेवनं मान खाली घालून पान पुढं लिहायला घेतलं. तो पाटसच्या कारखान्यावर टाइम ऑफिसात हजेरी लावायचं काम करायचा. दिवसभर दुसऱ्यांची नावं लिहून घरी यायचा आणि स्वतःचं नाव छापून यावं म्हणून रात्रीचं जेवण होईपर्यंत टेबलाशी बसायचा. पण त्याच्या कथा पुण्याला फार रमत नसत. आठ-पंधरा दिवसांत 'साभार परत' होऊन त्या राहूच्या पोस्टात यायच्या आणि पोस्टमन त्या पोचवताना "लेखकराव, पाव्हनं आलं माघारी" असं सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचा.

शेवटी आबांनी निकाल लावला. "ह्या दिवाळीला छापून आलं तर टेबल तुजं. न्हाई आलं तर पंपाचं. आन् मग पुन्यांदा ह्या घरात कथाबिथा काढायची न्हाई. कबूल?"

बिरदेव रागाच्या भरात "कबूल" म्हणून बसला. त्याच्या बायकोनं, सुवर्णानं, चुलीपुढूनच कपाळाला हात लावला.

तरी या खेपेला बिरदेवला थोडी आशा होती. उन्हाळ्यात शिरूरला नवलेखकांचं शिबिर झालं होतं, आणि पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादक लिमयेबाई तिथं बोलायला आल्या होत्या. नवीन माणसाची कथा छापून यावी असं वाटत असेल तर काय करावं, हे बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कागदाच्या एकाच बाजूला लिहा. समास सोडा. पानांना आकडे घाला. एक प्रत आपल्यापाशी ठेवा. तिकिटं लावलेलं परतीचं पाकीट जोडा. खाडाखोड असेल तर पान पुन्हा उतरवून काढा. आधी तो अंक वाचा, मग त्याला कथा पाठवा. ओळखी, शिफारशी, भेटी यांच्या भानगडीत पडू नका. आणि एकदा कथा पाठवली की संपादकाला उठसूट विचारू नका, तोही माणूस आहे.

बिरदेवनं हे सगळं कागदावर उतरवून टेबलामागच्या भिंतीला चिकटवलं. घरात ते सगळ्यांना पाठ झालं. तो किराणा सामानाची यादी करायला बसला तरी सुवर्णा म्हणायची, "अहो, एकाच बाजूनं ल्ह्या. समास सोडा."

कथाही त्यानं जीव ओतून लिहिली. म्हणजे तिची सुरुवात जीव ओतून लिहिली. पहिली पाच-सहा पानं भीमेकाठचा सूर्योदय होता. आकाश आधी तांबूस होतं. ते खोडून त्यानं ताम्रवर्णी केलं. तेही खोडून आरक्त केलं. चार दिवसांनी पुन्हा तांबूस केलं. एका ओळीत सूर्य तीनदा उगवला आणि तीनदा काट खाऊन खाली गेला. शेवटचं पानही असंच होतं. त्यावर जीवन म्हणजे काय याचा विचार होता, आणि तो बिरदेवला स्वतःलाच नीट कळत नसल्यामुळे त्यावर शाईचा नुसता चिखल झाला होता.

मधली पानं मात्र कोरी करकरीत होती. त्यांत म्हाळसाची गोष्ट होती. कोळप्यांची मेंढरं होती, बागायत नव्हती, त्या काळातली. खरं तर ती बिरदेवच्या आईची, कुशाबाईचीच गोष्ट. ती त्यानं लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की लिहिताना एका बैठकीत हात न थांबता उतरली. कुठं काट नाही, कुठं कूट नाही. इतक्या सहज उतरलं म्हणजे त्यात काही दम नसणार, असं बिरदेवचं पक्कं मत होतं. त्याची सारी भिस्त सूर्योदयावर.

"म्हाळसा कवा येती?" सुवर्णानं ऐकताना एकदा विचारलं होतं.

"येईल की. आधी वातावरण तयार व्हाया पायजे."

"मग तवर मी भाकरी टाकून येते," असं म्हणून ती उठून गेली होती.

कथा पोचायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवसावर आली. बिरदेवनं रजा टाकली होती. दिवसभर बसून खाडाखोडीची पानं उतरवायची, आकडे घालायचे, केडगावला जाऊन झेरॉक्स काढायची आणि संध्याकाळी पाकीट आण्णाच्या टेम्पोत द्यायचं, असा त्याचा बेत होता. आण्णा रोज गावातले टोमॅटो घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जायचा आणि लिमयेबाई तिथून जवळच, बिबवेवाडीत राहायच्या. पोस्टापेक्षा आण्णा भरवशाचा होता.

पण कारखान्यावरून सांगावा आला. दुसऱ्या पाळीचा माणूस तापानं पडला होता, लगेच निघून या. सुवर्णा भावजयीच्या डोहाळजेवणाला तळेगाव ढमढेऱ्याला गेलेली. घरात फक्त आबा आणि कुशाबाई. आबांना सांगणं म्हणजे पंपालाच सांगण्यासारखं होतं. बिरदेवनं पायात चपला सरकवता सरकवता आईला सांगितलं.

"आई, टेबलावरची पानं ह्या मोठ्या पाकिटात भर. पत्ता टाकलाय. हे तिकिटं लावल्यालं मोकळं पाकीटबी आत घाल. आन् आण्णा आला की त्याच्यापाशी दे. पर नीट बघून पॅक कर बरं का. लई महत्त्वाचं हाय."

"तू जा निवांत," कुशाबाई म्हणाली. "पॅकिंगचं मला शिकवू नको."

आणि ते खरंच होतं. मेंढरं विकून टोमॅटो लावल्यापासून त्या घरचं एकही खोकं कुशाबाईच्या हाताखालून गेल्याशिवाय टेम्पोत चढलं नव्हतं. मार्केट यार्डात कोळप्यांच्या मालाला नाव होतं ते तिच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडपाळी करून बिरदेव तांबारलेल्या डोळ्यांनी घरी आला. कुशाबाई गोठ्यापुढच्या पडवीत टोमॅटो निवडत बसली होती.

"दिलंस का आई?"

"दिलं की. असं पॅक केलंय, असं पॅक केलंय, बाई पाकीट फोडून बघतच ऱ्हाईल."

"म्हंजी?"

"म्हंजी काय? एकेक पान हातात घिऊन बघितलं. निम्मी-अर्धी डागी निघाली."

"डागी?"

"खाडाखोड व्हती रं निस्ती. दोन-तीन पानांवर तर करपाच पडल्याला. वरच्या थराला सगळी तीच. अरं, गिऱ्हाइकाची पयली नजर वरच्या थरावर पडती, आन् तू तिथंच डागी माल लावतो! मग माघारी येतंय त्यात नवल काय? ती काढली बाजूला. तळाला एक व्हतं, तेबी काढलं. बाकीचा माल एक नंबर. त्येवढाच भरला."

"आई, सूर्योदय व्हता त्यात! ती पानं कुठं हायती?"

"खोक्यांच्या तळाला घालाया कागुद कमी पडत व्हता."

"टोमॅटोखाली घातलीस?"

"मग काय करू? पेपर संपल्याला. आन् डागी का असंना, कागुद चांगला जाड व्हता."

बिरदेवनं डोळे मिटले. मग त्याला आणखी काहीतरी आठवलं. "ते मोकळं पाकीट तरी आत घातलंस न्हवं?"

"ते ठिवलंय फळीवर. माल धाडताना कुनी परतीचं भाडं संगं देतंय व्हय? आधीच तुज्या कागदांना माघारी यायची सवय लागलीया. आन् व्हय, वानोळा दिलाय संगं."

"कसला वानोळा?"

"टमाट्यांचा. हातानं निवडून पाटीभर दिलं. बिनवळखीच्या बाईच्या दारात निस्ता कागुद कसा धाडायचा? काय म्हनंल ती आपल्याला?"

बिरदेव आत गेला आणि भिंतीवरच्या कागदापुढे उभा राहिला. आकडे नाहीत, प्रत नाही, परतीचं पाकीट नाही, अर्धी कथा नाही, आणि भेटी पाठवू नका म्हणणाऱ्या बाईंच्या दारात पाटीभर टोमॅटो. पाठवण्याचा एकही नियम शाबूत उरला नव्हता. एकच शिल्लक होता, संपादकाला उठसूट न विचारण्याचा. तो बिरदेवनं स्वतःच मोडायचं ठरवलं.

तो वळला तर आबा पंप घेऊन दारात उभे. त्यांनी तो हलकेच टेबलावर ठेवला.

"काय न्हाई," आबा म्हणाले. "बसतोय का बघितलं. बसतोय."

बिरदेव एम-एटी गाडीवरून थेट बाजारपेठेतल्या एस.टी.डी. बूथवर गेला. बूथ नकुशी चालवायची. तिच्या बूथचं काचेचं दार कधी नीट लागत नसे, त्यामुळे तिथं बोललेलं निम्म्या बाजाराला कळायचं. बिरदेवनं मार्केट यार्डातल्या आडत्याला फोन लावला.

"शेठ, आमच्या मालात काय कागदं निघाली का?"

"निघाली ना," शेठ म्हणाले. "गाळ्यावर गिऱ्हाईक नव्हतं, म्हटलं वाचावं. सूर्य उगवणार उगवणार म्हणून वाट बघत बसलो. लिलाव उरकला, हमाल न्याहारीला गेले, तरी सूर्य काय वर येईना. मग पोरानं त्यात वडापाव बांधला."

"आन् आण्णानं पाकीट पोचवलं का?"

"सकाळीच. बाईंनी स्वतः घेतलं म्हणे. टोमॅटोबद्दल फार बोलल्या."

बिरदेवनं फोन ठेवला. हे आता हाताबाहेर चाललं होतं. बाई ती मुंडकं नसलेली, शेपूट नसलेली कथा वाचणार, हसणार, आणि कोळपे हे नाव कायमचं लक्षात ठेवणार. त्यापेक्षा त्यांनी ती वाचूच नये हे बरं. तो तसाच दौंडला गेला आणि तार ऑफिसात त्यानं कागदावर लिहिलं, 'कथा छापू नये. सूर्योदय राहिला आहे. पत्र येत आहे.'

तारेच्या खिडकीवरच्या माणसानं सवयीनं चेहरा पाडला. "कोण गेलं?"

"कुनी न्हाई. सूर्योदय ऱ्हायलाय."

त्या माणसानं मान वाकडी करून बाहेरच्या रखरखीत उन्हाकडे पाहिलं, मग बिरदेवकडे पाहिलं, आणि पुढं काही न विचारता तार घेतली.

मग पोस्टकार्डं सुरू झाली. पहिल्या कार्डात बिरदेवनं झाला प्रकार कळवला. दुसऱ्यात टोमॅटोंमागे कोणताही हेतू नव्हता हे कळवलं. तिसऱ्यात सूर्योदय आठवेल तसा थोडक्यात लिहिला, पण तो थोडक्यात मावेना, म्हणून चौथ्या कार्डावर 'पुढे चालू' केला. सुवर्णा माहेराहून आली तेव्हा तो पाचवं लिहीत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अहो, उठसूट विचारू नका असं भितीवर कुनी लिवलंय?"

"मी."

"मग?"

"मी विचारत न्हाई. कळवतोय."

सुवर्णानं कार्ड त्याच्या हातातून काढून घेतलं. "आता गप बसा. जे व्हायचं ते व्हतंय. आन् खरं सांगू का? मला ती कथा म्हाळसापासनंच आवडती. तुम्ही वाईट वाटून घ्याल म्हनून बोलले न्हाई."

बिरदेवला वाईट वाटलंच. पण तो गप्प बसला, कारण टेबलावर पंप होता आणि लिहायला जागाच नव्हती. पुढचे दिवस वाईट गेले. कारखान्यावर त्यानं दोन माणसांची हजेरी एकाच रकान्यात लावली. संध्याकाळी घरी आल्यावर हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. कोपर टेकायची सवय इतकी लागली होती की तो जेवतानाही एका बाजूला कलायचा. आबांचं त्याच्याकडे लक्ष होतं, पण शब्द म्हणजे शब्द.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी नकुशीचा निरोप आला. पुण्याचा फोन आला होता, बाई पुन्हा करणार होत्या. बिरदेव धावत गेला. मागून सुवर्णा निघाली, तिच्यामागून कुशाबाई, आणि आपण सहज चाललोय असं दाखवत आबाही निघाले.

"कोळपे ना?" पलीकडून लिमयेबाईंचा आवाज आला. "अहो, पोस्टकार्डं थांबवा. माझा पोस्टमन आता खालच्या मजल्यापासूनच हसत येतो."

"माफ करा मॅडम. ती कथा चुकीची गेली. खरी वेगळी आहे. आईनं चुकून..."

"सगळं कळलं मला. तारेनं कळलं, कार्डांनी कळलं. आता माझं ऐका. खरं सांगायचं तर तुमची कथा मी इतक्यात वाचलीच नसती. ढीग पडलाय इथं. पण टोमॅटो ठेवून चालत नाहीत, म्हणून पाटी उघडली, आणि वर पाकीट होतं. म्हटलं, चार ओळी वाचू आणि परत पाठवू. तर परतीचं पाकीटच नाही! मग वाचत गेले."

बिरदेवनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"या वर्षी माझ्याकडे निम्म्या कथा सूर्योदयानं सुरू होतात," बाई म्हणाल्या. "उरलेल्या सूर्यास्तानं. तुमची एकटी पाण्यात सुरू होते. 'नदीला पाणी चढलं तेव्हा म्हाळसाच्या टोपलीत दोन पिल्लं होती, एक मेंढीचं आणि एक तिचं.' अहो, यानंतर कोण थांबेल? मी ती त्याच दिवशी घेतली. मग तुमची तार आली की छापू नका."

"मग... आता?"

"आता आम्ही असं ठरवलंय की चुकीची कथाच छापायची. तुम्ही फक्त एक करा. बरोबर कथा पाठवू नका."

"म्हणजे छापताय?" बिरदेव ओरडला. दार नीट लागत नसल्यामुळे पुढचं काम नकुशीनंच केलं. ती बूथच्या पायरीवर येऊन ओरडली, "छापत्यात! कोळप्यांचं छापत्यात!" आणि पानाच्या टपरीपासून सोसायटीच्या ओट्यापर्यंत ते पसरलं.

"आणि हो," बाई फोनवर म्हणत होत्या, "पुढची कथा मार्चपर्यंत येऊ द्या. या वेळी आकडे घाला. टोमॅटो नकोत. म्हणजे... सक्ती नाही."

दिवाळी अंक आला तो आण्णाच्या टेम्पोतून, रिकाम्या खोक्यांवर बसून. संध्याकाळची निवडणी चालली होती. पडवीत कुशाबाई, सुवर्णा आणि शेजारची सिंधूबाई टोमॅटोच्या ढिगाला बसल्या होत्या. बिरदेवनं अंक उघडला. आपलं नाव बघितलं, पुन्हा बघितलं, त्यावरून बोट फिरवलं. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

"वाचा की मोठ्यानं," सुवर्णा म्हणाली.

तो वाचू लागला. पहिल्याच वाक्याला कुशाबाईचा हात थांबला. म्हाळसा डोक्यावर टोपली घेऊन भीमेत उतरली. पाणी छातीला लागलं. पायाखालचं दिसेना. पुढं तिची मेंढी पोहत होती आणि टोपलीतल्या कोकराच्या आवाजानं मागं वळून वळून बघत होती. ती जिकडं गेली तिकडं म्हाळसा पाय टाकत गेली. पलीकडच्या काठावर तिनं टोपली उतरवली, तेव्हा दोन्ही पिल्लं भुकेनं ओरडत होती आणि ते ओरडणं तिला फार गोड लागलं. कथा तिथंच संपली. सिंधूबाईनं पदर डोळ्याला लावला होता, आणि ढिगातला एकही टोमॅटो जागचा हलला नव्हता.

दाराशी उभे असलेले आबा आत गेले. टेबलावरचा पंप त्यांनी उचलून आणला आणि पडवीच्या कोपऱ्यात खाली ठेवला. लगेच एक कोंबडी येऊन त्यावर बसली. आबांनी तिला हाकललं नाही.

"म्हाळसा कोन रं?" कुशाबाईनं हळूच विचारलं.

"तूच की आई. कथेत नाव बदलत्यात."

"बरं केलंस." तिनं हातातला टोमॅटो पाटीत ठेवला. "पर एक चुकलंय. कोकरू ओरडलं न्हवतं नंतर. तूच एकटा केकाटत व्हता. काठावर, रस्त्यानं, पार मेंढरांच्या वाड्याला पोचस्तवर. ते बरं लिवलं न्हाईस."

सगळे हसले. कुशाबाईही हसली, पण तिच्या मनात काहीतरी घोळत होतं. तिनं पुन्हा विचारलं, "बिरू, मला सारखं लागून ऱ्हायलंय. ती डागी पानं म्या खोक्यात घातली. त्यात काय व्हतं रं? लई मोलाचं व्हतं का?"

"न्हाई आई. सूर्योदय व्हता."

कुशाबाईच्या तोंडावरचा सगळा ताण उतरला.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. "मग बरं झालं. त्यो काय, रोजच व्हतोय." आणि तिनं ढिगातला पुढचा टोमॅटो उचलून उजेडाकडे धरला.